घरी ऐकताना सीडी आणि स्ट्रीमिंग यांत खरंच फरक असतो का?

जवारी
थेट विचारते. घरच्या स्पीकरवर तीच मैफल एकदा सीडीवर आणि एकदा स्ट्रीमिंगवर ऐकली, तर आवाजात खरोखर फरक पडतो की तो मनाचा खेळ असतो?

माझ्याकडे शास्त्रीय संगीताच्या सीडींनी भरलेलं एक कपाट आहे. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई, कुमारजी, निखिल बॅनर्जी. बरंचसं एचएमव्हीचं आणि अलूरकरांचं, शिवाय आकाशवाणीच्या संग्रहातून निघालेल्या काही सीडी. प्लेअर जुना आहे, अॅम्प्लिफायर त्याच वयाचा, स्पीकर बुकशेल्फ प्रकारातले. मुलगा म्हणतो, हे सगळं आता फोनवर मिळतं, कपाट रिकामं कर. म्हणून एकाच रेकॉर्डिंगची सीडी आणि फोनवरची प्रत पाठोपाठ लावून ऐकली. सीडीवर तंबोरे खोलीभर पसरतात. फोनवरून लावलं की तेच तंबोरे मागे कुठेतरी राहतात. गळा तोच, पण भिडत नाही. मुलाला मात्र काहीच फरक जाणवला नाही.

कपाट ठेवायचं की नाही, ते यावर ठरणार आहे. ज्यांनी घरी नीट तुलना केली असेल त्यांनी जरूर लिहावं. 'सीडीची मजाच वेगळी' एवढ्यावर थांबू नका, का वेगळी तेही सांगा.

वाचनमात्र
वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). आमच्याकडेही हाच वाद आहे, फक्त पात्रं उलटी. सीडी मुलीला हव्यात आणि कपाट मला.

दादरकर
फरक आहे, शंभर टक्के आहे. जवारीताई, तुमच्या कानांवर विश्वास ठेवा.

मी नोकरीला लागल्यापासून काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून सीडी घेतल्या, ते २०१६ मध्ये बंद होईपर्यंत. तिथे बूथमध्ये उभं राहून ऐकायचं आणि मग ठरवायचं. त्या सीडी आजही लावतो. पुतण्याने घरी येऊन फोनवरून गाणी लावली की पाच मिनिटांत कान कंटाळतात. सीडी तासभर ऐकली तरी कंटाळत नाहीत. मला आकडे कळत नाहीत, पण थकवा कळतो.

खटपट्या
जवारीताई, उत्तर देण्याआधी तीन गोष्टी सांगा. फोन अॅम्प्लिफायरला कसा जोडला होता, वायरने की ब्लूटूथने? अॅपमध्ये आवाजाचा दर्जा कशावर ठेवलाय? आणि दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी होती का, की सीडी लावली आणि व्हॉल्यूमला हातच लावला नाही?

तोपर्यंत थोडी पार्श्वभूमी. सीडीवर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावी-उजवी मिळून दोन वाहिन्या. गुणाकार केला की १,४११ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे किलोबिट. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्सने सीडी बाजारात आणली तेव्हापासून हा आकडा बदललेला नाही. स्ट्रीमिंग हा एकच प्रकार नाही. स्पॉटिफायचं नेहमीचं सगळ्यात वरचं सेटिंग ३२० केबीपीएस, यूट्यूब म्युझिकचं २५६. यात कानाला सहसा ऐकू न येणारा भाग काढून टाकलेला असतो. लॉसलेस हा वेगळा प्रकार. त्यात फाइल लहान होते, पण उघडली की प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो. अॅपल म्युझिकने तो जून २०२१ मध्ये आणला, स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये.

लॉसलेस प्रवाह सीडीच्याच मास्टरचा (प्रती काढण्यासाठीच्या अंतिम ध्वनिमुद्रणाचा) असेल आणि फोनपासून अॅम्प्लिफायरपर्यंत काही बिघडलं नसेल, तर दोन्हीकडे एकच आकडे पोचतात. म्हणून 'सीडी विरुद्ध स्ट्रीमिंग' असा सामना लावण्यात अर्थ नाही. मधल्या वाटेत काय घडतंय, ते बघावं लागतं.

रिकामटेकडी
आमच्या घरातल्या वाटेत कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्यांचं ड्रिल आणि सासूबाईंची मालिका घडते. पण वाचतेय, थांबू नका.

जवारी
खटपट्या, ब्लूटूथ. अॅम्प्लिफायरला मागून एक छोटी डबी लावली आहे, तिच्यातून. अॅपमध्ये आता बघितलं तर 'ऑटोमॅटिक' असं लिहिलंय. आणि व्हॉल्यूम मी बदलला नव्हता. अॅम्प्लिफायरची कळ तीच ठेवली, म्हणजे तुलना न्याय्य होईल असा विचार होता.

खटपट्या
मग तुम्ही ऐकलेला फरक खरा आहे, मनाचा खेळ अजिबात नाही. पण तो सीडी आणि स्ट्रीमिंगमधला असेलच असं नाही.

'ऑटोमॅटिक'वर अॅप नेटच्या वेगाप्रमाणे दर्जा वरखाली करतं. स्पॉटिफायच्या पायऱ्या २४, ९६, १६० आणि ३२० केबीपीएस अशा आहेत. तुम्ही ऐकताना यांतली कोणती चालू होती, ते कळायला मार्ग नाही. त्यावर ब्लूटूथ. फोन आधी आलेला प्रवाह उलगडतो आणि डबीकडे पाठवण्यासाठी पुन्हा दाबतो. साध्या डबीत एसबीसी नावाची पद्धत असते, ती सहसा ३२८ केबीपीएसपर्यंत जाते. म्हणजे एकदा काटछाट झालेल्या आवाजाची दुसऱ्यांदा काटछाट. लॉसलेसचे पैसे भरून ब्लूटूथवर ऐकलं तर लॉसलेस डबीपर्यंत पोचतच नाही.

पण सगळ्यात मोठा मुद्दा पातळीचा. सीडी प्लेअर पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट देतो. फोनच्या पुष्कळ डोंगलांमधून (फोन अॅम्प्लिफायरला जोडायच्या छोट्या जोडण्यांमधून) १ व्होल्टच्या आसपास मिळतं. म्हणजे ६ डेसिबलचा फरक. त्यात अॅप स्वतःहून सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणतं, स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप). अर्धा डेसिबल जास्त असला तर कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. जास्त खुला, जास्त भरीव. तंबोरे खोलीभर पसरण्याचं बरंचसं कारण इथेच असावं. हळू आवाजात कान खर्ज आणि वरचे सूर कमी ऐकतो, त्यामुळे आधी तंबोरेच मागे जातात.

दादरकर
खटपट्या, म्हणजे माझा थकवाही व्हॉल्यूमच्या कळीत आहे म्हणायचं का?

खटपट्या
नाही काका. पुतण्याने लावलेली गाणी नवी असतील, तर थकव्याचं कारण मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाणं बाजारात आणण्याआधीच्या शेवटच्या संस्कारात, असण्याची शक्यता मोठी. नव्वदच्या दशकापासून गाणी इतकी दाबून, सपाट करून, वरच्या मर्यादेला टेकवून बाजारात आणली जातात की हळू-मोठा हा चढउतार उरतच नाही. तुमच्या जुन्या सीडीत तो आहे. असं दाबलेलं गाणं सीडीवर घेतलंत तरी तेवढेच कान थकतील.

अनवट
सीडीवाल्यांना भांडू द्या, मी एलपीवाला, म्हणजे खोबणीच्या तबकड्या ऐकणारा. डिजिटलमध्ये ध्वनीच्या लाटेच्या पायऱ्या होतात, हे कुणी बोलतच नाही. एलपीत लाट अखंड असते. गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ पासून व्हॉयेजर यानावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर अंतराळात फिरतोय, त्या तबकडीत खोबणी आहे, शून्य-एक नाहीत.

खटपट्या
व्हॉयेजरला दंडवत. पायऱ्यांचं मात्र खरं नाही.

जाहिरातींत पायऱ्यांचं चित्र काढतात म्हणून तसं वाटतं. नमुने हे नुसते बिंदू आहेत, त्यांच्यामध्ये पायरी नसते. आवाज २२ किलोहर्ट्झच्या खालचाच असेल, तर ४४,१०० बिंदूंमधून जाणारी त्या मर्यादेतली लाट एकच असते आणि प्लेअर तीच गुळगुळीत लाट बाहेर काढतो. माणसाच्या कानाची मर्यादा तरुणपणी २० किलोहर्ट्झच्या आसपास. वयाप्रमाणे ती उतरते, पन्नाशीनंतर १२-१४च्या वरचं ऐकू येणारे थोडे.

१६ बिटमुळे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबल अंतर ठेवता येतं. रात्री पंखा चालू असलेल्या खोलीतच ३५-४० डेसिबल गोंगाट असतो. ते अंतर पूर्ण वापरायचं तर गवई तुमच्या शेजारी बसून ओरडायला हवा.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), ४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून? सुरुवातीला डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या प्रत्येक ओळीत ३ नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणून बघा.

वाचनमात्र
गुणून बघितलं. ४४,१००. आजचा दिवस सत्कारणी लागला.

ठेका
मी तबला वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे ऐकण्याचा माझा कोन थोडा वेगळा आहे.

कमी दर्जाच्या एमपी३मध्ये सगळ्यात आधी काय बिघडतं? तबल्याच्या चाटीवरचा (कडेवरचा) 'ना' हा बोल. कारण असं, की एमपी३ आवाजाचे तुकडे करून दाबतं, एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. शांततेतून एकदम टणकन बोल आला की दाबण्यातून निर्माण होणारी खरखर त्या तुकड्याभर पसरते, बोलाच्या आधीही. मग बोलाची धार जाते. स्वच्छ टकोरा न लागता तो किंचित फाटून येतो. १२८ केबीपीएसला हे मला दर आवर्तनात ऐकू येतं. तंबोऱ्याचंही तसंच. जवारीतून (तारांच्या घोडीवरच्या झणकारातून) निघणारे वरचे स्वर सतत हलत असतात, कमी दर्जात ते पाण्याखालून आल्यासारखे डुचमळतात. वर १२८ला १६ किलोहर्ट्झच्या पुढचं सरळ कापलेलंच असतं.

पण ३२०ला? विद्यार्थ्यांनी मला पडद्याआड बसवून लॉसलेस आणि ३२० आलटून पालटून ऐकवलं. माझा अंदाज निम्म्याच्या वर गेला नाही. ज्या वाद्याबरोबर आयुष्य काढलं त्या वाद्याचा आवाज होता, तरी नाही.

माझ्या मते शास्त्रीयवाल्यांनी लक्ष द्यायची जागा वेगळी आहे: प्रत कुठली? एकाच मैफिलीच्या बाजारात तीन-तीन प्रती असतात. एक मूळ टेपवरून केलेली, एक कुणाच्या तरी कॅसेटवरून, आणि एक 'सुधारलेली'. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून केलेल्या प्रतींत तर खरखर काढण्याच्या नादात गायकाचा श्वास, 'स'चा सीत्कार, तंबोऱ्याची धार, सगळं पुसून टाकतात. खरखर असलेली प्रत मी शंभर वेळा ऐकेन, कारण खरखरीमागचा गळा कान शोधून काढतो. पुसलेला गळा परत आणता येत नाही. स्ट्रीमिंगवर शोधलं की यांतली कुठली प्रत समोर येईल हे आपल्या हातात नसतं. सीडीवर असतं. कपाटाचा विचार करताना जवारीताईंनी हे आधी बघावं असं मला कळकळीने वाटतं.

सुरंगी
ठेका यांना पूर्ण अनुमोदन. पण सीडीलाही आयुष्य असतं हो! मी रत्नागिरीजवळ राहते. इथे पावसाळ्यात चपलांना बुरशी येते तशी सीडीलाही येते. बेलीझमध्ये २००१च्या सुमारास बुरशीने सीडीचा थरच पोखरलेला सापडला होता. आमच्याकडे तेवढं झालं नाही, पण कडेपासून आत येणारे ढगाळ डाग मी पाहिलेत. आतला अॅल्युमिनियमचा थर गंजला की संपलं. उजेडाकडे धरून बघा, टाचणीएवढी भोकं दिसली तर ती सीडी पहिली हाती घ्या.

सीडी चुका सावरून घेते हेही लक्षात ठेवा. माहिती विखरून लिहिलेली असते, त्यामुळे वाचण्याच्या दिशेने अडीचेक मिलिमीटरपर्यंत सलग खराबी असली तरी प्लेअर पूर्ण दुरुस्त करून वाजवतो. त्याच्या पुढे गेलं की आजूबाजूचं बघून अंदाजाने भरतो, आणि तेही जमलं नाही की गप्प बसतो किंवा अडखळतो. म्हणजे सीडी आतून खराब होत असते तेव्हा बराच काळ आपल्याला पत्ता लागत नाही. अडखळायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून मी सगळ्या सीडी संगणकावर उतरवल्या. फ्लॅक या लॉसलेस फाइलप्रकारात. पावसात आमचं नेट दोन-दोन दिवस जातं, वीज इन्व्हर्टरवर, आणि भूप मात्र चालू.

रिकामटेकडी
सुरंगीताई, 'आणि भूप मात्र चालू' आवडलं.

बे_एरियाकर
इकडून लिहितो. पंचवीस वर्षांपूर्वी भारतातून येताना बॅगेत लोणच्याच्या बरण्या आणि सीडी असायच्या. बरण्या फुटल्या, सीडी वाचल्या. आता गाडीत सीडी प्लेअर नाही, लॅपटॉपला खाच नाही. मी कोबझ ही स्ट्रीमिंग सेवा घेतलीय, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ वगैरे सगळं आहे.

पण सीडीच्या वरच्या दर्जाने फरक पडतो का? २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. जास्त दर्जाचा ध्वनी एकदा थेट आणि एकदा मध्ये १६ बिट ४४.१चं (सीडीच्या दर्जाचं) यंत्र घालून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं ४९.८ टक्के. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

अनवट
बे_एरियाकर, पूर्ण सांगा ना मग. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांची मिळून फेरतपासणी केली. साडेबारा हजारांवर चाचण्या, बरोबर उत्तरं ५२.३ टक्के. ऐकण्याचं प्रशिक्षण दिलेल्यांचा निकाल त्याहून बराच वर. फरक बारीक आहे, पण शून्य नाही.

बे_एरियाकर
मान्य. पण ५२.३ टक्क्यांसाठी मी जास्त पैसे भरावेत का? बायकोचं उत्तर इथे लिहीत नाही.

अनवट
त्यात काही बसणार नाही. तेवढ्या पैशांत स्पीकर बदला. नाहीतर स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, ते फुकट आहे, आणि खाली जाड सतरंजी टाका. खोलीने बिघडवलेला खर्ज कुठलंही सबस्क्रिप्शन दुरुस्त करत नाही. एलपीवाला असलो तरी एवढं कळतं.

दादरकर
अनवट यांच्याशी पहिल्यांदा सहमत. (एलपीबद्दल नाही.)

रिकामटेकडी
आवाजाचं झालं. पण स्ट्रीमिंगवर शास्त्रीय *शोधणं* ही वेगळीच शिक्षा आहे त्याचं काय? भीमपलास शोधला की 'गाढ झोपेसाठी बासरी' येते. एकाच गायिकेचं नाव चार स्पेलिंगांनी, म्हणजे चार वेगवेगळ्या गायिका. विलंबित (संथ लयीतला भाग) एका अल्बमात, त्याची द्रुत (जलद) भलत्याच अल्बमात. तबल्याला कोण? हार्मोनियमला कोण? काही नाही. रेकॉर्डिंग कधीचं? लिहिलेलं वर्ष अपलोड केल्याचं. १९९२ मध्ये गेलेल्या कुमारजींच्या नावापुढे २०१९ बघून मला दचकायला झालं.

ठेका
रिकामटेकडी, तुम्ही दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. संगतकाराचं नाव नसणं ही आमच्यासाठी लहान गोष्ट नाही. सीडीच्या आतल्या कागदावर तबला, हार्मोनियम, तंबोऱ्यावरचे शिष्य, सगळ्यांची नावं असतात. कुणी कुणाबरोबर कधी वाजवलं, यावरून आम्ही शिकतो. त्या मैफिलीत लय तशी का ठेवली, हे तबल्यावर कोण होतं ते कळल्याशिवाय समजत नाही.

आणि एक सेटिंग लगेच बघा सगळ्यांनी. अॅपमध्ये एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणारं 'क्रॉसफेड' असतं. ते चालू असेल तर विलंबिताच्या शेवटच्या तिहाईवर द्रुतचा मुखडा येऊन आदळतो. बंद करा. त्याच्याच शेजारी 'गॅपलेस' असेल तर ते चालू ठेवा, नाहीतर सलग गायलेल्या रागाच्या मध्येच क्षणभर खड्डा पडतो.

वाचनमात्र
क्रॉसफेड चालू होता! बारा सेकंदांवर!! मुलीचे उद्योग. ठेका, तुमचे उपकार कसे फेडू.

जवारी
सगळ्यांचे आभार. चार दिवस यावरच घालवले, आता निकाल लिहिते.

खटपट्यांनी निरोपातून सांगितलं तसं केलं. ब्लूटूथची डबी काढली, फोनला यूएसबीचा डोंगल लावून वायरने अॅम्प्लिफायरला जोडलं. दर्जा लॉसलेसवर, आवाज सारखा करणारं सेटिंग बंद, क्रॉसफेड बंद. २०० हर्ट्झचा एक सूर सीडीवर बर्न केला, तोच फोनवरून वाजवला, आणि स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर लावून दोन्हीकडे व्होल्टेज सारखं येईपर्यंत कळ फिरवली. (साधा मल्टिमीटर वरच्या सुरांना चुकीचं दाखवतो म्हणून २००.) मग भाचीला अॅम्प्लिफायरकडे उभं केलं आणि मी पाठ करून बसले.

मन्सूरांच्या सीडीत काही म्हणजे काही फरक कळेना. तंबोरे दोन्हीकडे तितकेच पसरलेले. भाची विचारत होती, मी सांगत होते, आणि आमचा मेळ बसत नव्हता.

किशोरीताईंच्या एका सीडीत मात्र पहिल्या आलापातच ओळखलं, आणि दर वेळी ओळखलं. फोनवरची प्रत कोरडी, वरच्या षड्जावर आवाज चिरल्यासारखा, तंबोरे जवळजवळ नाहीतच. त्या दोन वेगवेगळ्या प्रतीच आहेत, ठेका म्हणाले तसं. आणखी एक, आकाशवाणीच्या संग्रहातल्यांपैकी काही तर फोनवर सापडल्याच नाहीत.

खटपट्या
फार नीट केलंत. इतकी काटेकोर तुलना पैसे घेऊन परीक्षणं लिहिणारेही करत नाहीत.

किशोरीताईंची ती सीडी संगणकावर उतरवून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. आवाजाच्या रेघा वरच्या कडेला सपाट कापल्यासारख्या दिसतात का, तुलनेला फोनवरच्या प्रतीचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवा. खरखर पुसलेल्या प्रतीच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातल्या खालच्या-वरच्या सुरांच्या चित्रात) वरचा पट्टा रिकामा दिसतो. डोळ्यांना दिसलं की मुलालाही दाखवता येईल.

दादरकर
माझी खात्री अजून पटलेली नाही, पण मल्टिमीटर मागवला आहे.

दुसरं. माझा प्लेअर हल्ली काही सीडी 'नो डिस्क' म्हणून परत देतो. दुरुस्तीवाला म्हणतो पार्ट मिळत नाही. कुणाला माहिती?

खटपट्या
काका, आधी लेन्स पुसून बघा. प्लेअरची वायर काढून, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, अगदी हलक्या हाताने. दाबलंत तर लेन्सखालची स्प्रिंग वाकते. त्याने भागलं नाही तर लेझर पिकअप बदलावा लागेल. झाकण उघडून त्यावरचा नंबर वाचा. पुष्कळ प्लेअरांत सोनीचा केएसएस-२१३ असतो, तो अजून मिळतो. लॅमिंग्टन रोडला फेरी मारा, पुण्यातल्यांनी तपकीर गल्लीत. नंबर कागदावर लिहून न्या, 'सीडीची लेन्स द्या' म्हटलं तर काहीही हातात देतील.

जवारी
माझं ठरलं. कपाट राहणार. पण आधी सगळ्या सीडी उतरवून ठेवते. सुरंगी, तुम्ही कसं केलंत ते सविस्तर सांगाल का? जागा किती लागते?

सुरंगी
सांगते. यूएसबीचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, महागाचा नको. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा प्रोग्रॅम विंडोजवर फुकट आहे. तो शंका आली की तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतो आणि शेवटी तुमची प्रत इतरांनी त्याच सीडीवरून उतरवलेल्या प्रतीशी जुळते का तेही तपासतो. जुळली की निश्चिंत. आपल्याकडच्या सीडी त्या यादीत बऱ्याचदा नसतात, मग दोनदा उतरवून दोन्ही जुळवायच्या.

जागेचं म्हणाल तर सीडीचा कच्चा तास ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये साधारण निम्मा. ५०० सीडी असल्या तरी दीड-दोनशे जीबीत बसतील. दोन हार्डडिस्क घ्या आणि एक मुलाकडे ठेवा. कपाट रिकामं कर म्हणाला ना, आता अर्धा भार त्याच्या घरी.

डाग पडलेल्या सीडी आधी. आवडत्या नंतर.

रिकामटेकडी
सुरंगीताईंना हाकानाका (हाय काय अन् नाय काय).

ठेका
आणि कागद स्कॅन करा, विसरू नका. ३०० डीपीआय पुरे. नावं फाइलच्या टॅगमध्येही भरा, कारण चित्रातलं नाव शोधून सापडत नाही. मी 'कंपोझर'च्या रकान्यात राग लिहितो, 'जॉन्र'मध्ये घराणं, 'कॉमेंट'मध्ये ताल आणि साथीदार, आणि वर्ष रेकॉर्डिंगचं, कागदावर असेल तरच. नावाचं स्पेलिंग एकदा ठरवायचं आणि मग मोडायचं नाही. मी सगळं देवनागरीतच भरलंय, म्हणजे तो प्रश्नच मिटला.

जवारी
हे फार उपयोगी आहे. एक अडलं: मिश्र खमाज 'मिश्र'खाली लावायचा की 'खमाज'खाली? ठुमऱ्यांचा एक अख्खा कप्पा आहे माझ्याकडे.

ठेका
'खमाज, मिश्र' असं लिहा. शोधताना आपण खमाजच शोधतो, आणि दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. पिलू, काफीचंही तसंच.

अनवट
आणि रागमाला, म्हणजे एकातच अनेक राग असतील तर?

ठेका
त्याला अजून उत्तर नाही. सध्या पहिल्या रागाखाली लावल्यात. कुणाची याहून चांगली पद्धत असेल तर लिहा, मला खरंच हवी आहे.